नी-पॅड, हेल्मेट आणि ट्रेलवरचं एक जोरदार पडणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

डोंगरवाटांवर सायकल चालवण्यासाठी नी-पॅड, म्हणजे गुडघ्याचं संरक्षक आवरण, निवडताना बहुतेक जण आधी त्याची जाडी दाबून बघतात. काही महिने घालून, घामाने चिंब करून, धुवून आणि एकदा सगळ्या अंगाच्या भारासकट त्यावर आदळून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. पॅड जागेवर राहतो का, आणि लांब चढ चढतानाही तो पायात ठेवावासा वाटतो का, हे जाडीच्या आधी बघावं. बॅगेला बांधलेला पॅड कितीही भक्कम असला तरी त्या क्षणी गुडघ्याच्या उपयोगाचा नाही.

माझा जोड मोज्यासारखा पायात चढवायचा आहे. मागून जाळीदार कापड, वर-खाली सिलिकॉनच्या पट्ट्या आणि समोर डी३ओचा मऊ थर. हा पदार्थ हळू वाकवला तर सहज वाकतो, अचानक फटका बसला की तेवढ्यापुरता कडक होतो. थंडीत मात्र तो आधीच ताठ असतो, त्यामुळे सुरुवातीची पेडल्स जड जातात. त्यावर ईएन १६२१-१ या मानकाची पहिली पातळी छापलेली आहे. हे मानक मुळात मोटरसायकलवाल्यांच्या संरक्षक पॅडसाठीचं. चाचणीत ५० जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पलीकडे पोचणारं सरासरी बल ३५ किलोन्यूटनच्या आत राहावं लागतं; दुसऱ्या पातळीसाठी ते २० किलोन्यूटन आहे. म्हणजे दुसरी पातळी बरीच सरस. पण ते पॅड जाड आणि गरम असतात, आणि चढावर गुडघ्याच्या मागे काचतात. तासन्‌तास पेडल मारायचं असेल तर मी पहिलीच पातळी घेईन.

आता पडण्याविषयी. उतारावरचं वळण बाहेरच्या बाजूला कललेलं होतं आणि वाळून कडक झालेल्या मातीवर बारीक खडी पसरली होती. अशा जागी टायरच्या बटणांना, म्हणजे त्यावरच्या रबरी उंचवट्यांना, रुतायला काही मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडा वेळ असतो, पुढचं घसरलं तर जवळजवळ नसतोच. मी उजव्या अंगावर गेले : आधी तळहात, मग गुडघा, मग खुबा, आणि शेवटी डोक्याची बाजू.

पॅड तसूभर हलला नाही. वरचं कापड फाटलं, आतला थर शाबूत राहिला. वाटीवर सूज आली, पण गुडघा पूर्ण वाकत होता, पायावर भार घेता येत होता. पॅड संपतो तिथून खाली नडगी मात्र चांगलीच सोलवटली. एकाच पायावर दोन्ही चित्रं समोर होती, त्यामुळे पॅडने काय केलं हे वेगळं सिद्ध करायची गरज उरली नाही. ती जखम स्वच्छ पाण्याने, खडीचा कण अन् कण निघेपर्यंत धुवावी लागते. त्या वेळी डोळ्यांत पाणी येतं, पण आत राहिलेली माती कातडीत कायमचा काळा डाग ठेवून जाते आणि जखम चिघळते ती वेगळीच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हेही त्याच दिवशी तपासावं.

हेल्मेटच्या आत कानाच्या वर फोमचा थर दबला होता आणि त्यात बारीक चीर गेली होती. बाहेरून फक्त ओरखडे. फोमचं काम एकदा चिरडण्याचं असतं. तो चिरडताना आघाताची ऊर्जा खातो, आणि मग पूर्ववत होत नाही. म्हणून ते हेल्मेट लगेच बाद केलं. त्यात मिप्सचा सरकता थर होता. स्वीडनमध्ये विकसित झालेली ही रचना हेल्मेटला डोक्याभोवती १० ते १५ मिलिमीटर सरकू देते, कारण सायकलवरून पडताना डोकं बहुधा तिरकं आपटतं आणि मेंदूला झटका बसतो तो गरकन फिरण्याचा. माझ्या पडण्यात त्या थराचा वाटा किती, हे एका अनुभवावरून कुणीच ठरवू शकत नाही. नवं हेल्मेट घेताना मात्र मी तोच थर असलेलं, मागे मानेकडे जास्त खाली येणारं घेतलं.

ग्लोव्हजबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. तळहाताची कातडी त्यांनी पूर्ण वाचवली, पण टेकलेल्या हातातून मनगटात जाणारा भार कुठलाही पातळ ग्लोव्ह अडवत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो, तिथे दाबलं की दुखत होतं. तिथे दुखलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. त्या खाली स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने आत येतो, म्हणून मनगटाकडचा तुकडा सुटला तर त्याला रक्त मिळणं अवघड होतं आणि हाड जुळायला फार वेळ लागतो. माझा पहिला एक्स-रे साफ होता, तरी डॉक्टरांनी हात आधारात बांधला आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. तोही साफ निघाला, लचक होती. तरीही तो हात बांधून ठेवणं मला अजिबात वाया गेल्यासारखं वाटत नाही.

पडल्यावर लगेच ताडकन उभं राहू नये. मागून कुणी येत असेल तर तेवढं वाटेतून बाजूला सरकायचं, मग मान, हात, पाय एकेक करून तपासायचे. माझ्यासोबत मैत्रीण होती. तिने मला आजचा वार, कुठून निघालो, पुढे कुठे जायचंय असं विचारून घेतलं. उत्तरं बरोबर आली तरी डोकं आपटलं होतं म्हणून राइड तिथेच संपवली. मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं काही तासांनीही येतात. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या अशा हादऱ्यांवर झालेल्या परिषदेतून आलेल्या शिफारशी माझ्या डॉक्टरांनी समजावल्या : पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे नुसतं पडून न राहता रोजची हलकी कामं, मग हलकं चालणं, आणि खेळाकडे परतण्याची पुढची प्रत्येक पायरी किमान २४ तासांची. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा जुना सल्ला आता देत नाहीत, हे ऐकून मला फार धीर आला.

सायकलची तपासणी त्यानंतर. हँडल वाकडं फिरलं होतं, ते मल्टीटूलने सरळ झालं. ब्रेकचा लिव्हर तुटला नाही, कारण त्याचा क्लॅम्प जरुरीपुरताच कसलेला असतो आणि आपटल्यावर लिव्हर फिरून जातो. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या मागच्या डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, आत वाकला होता. तो मुद्दाम नरम ठेवतात, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकतो. पण तशा अवस्थेत सर्वांत हलका गिअर टाकला तर डिरेल्युअर स्पोकमध्ये जाऊन चाकासकट सगळं मोडतं.

परत सायकलवर बसल्यावर शरीरापेक्षा नजर जास्त छळत होती. ती पुढच्या चाकावरच खिळायची. भीतीने अंग मागे जातं, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते आणखी सहज घसरतं, असं हे चक्र आहे. ते मोडायला मी सौम्य उतारावर तसंच खडीचं वळण शोधून पुन्हा पुन्हा तेच करत राहिले : वेग वळणाआधी उतरवायचा, वळणाबाहेरच्या बाजूचं पेडल खाली, सायकल आपल्याखाली झुकवायची, छाती हँडलकडे, नजर वळण संपतं तिथे. गुडघा झाकलेला आहे हे माहीत असल्यामुळे मी पुढे झुकायला धजावले. पॅडचा हा उपयोग कुठल्याही चाचणीत मोजला जात नाही, पण माझ्या लेखी तो मोठा आहे.

तक्रारी आहेत. घालायला-काढायला बूट काढावे लागतात. वरची सिलिकॉन पट्टी आता पूर्वीइतकी धरत नाही. घामाचा वास लवकर बसतो. पॅड हाताने धुवून सावलीत वाळवावे लागतात. जोरदार उड्या आणि निव्वळ उतार असलेल्या ट्रेलसाठी कडक कवचाचे पॅडच योग्य. ज्यांना चढही स्वतःच्या पायांनी चढायचाय, त्यांनी हा प्रकार डोळे मिटून निवडावा असं नाही. आधी पायात चढवून उकिडवं बसून, उभं राहून, पेडल मारून बघावं आणि वाटी झाकलेलीच राहते का ते तपासावं. माझा पुढचा जोड याच प्रकारचा असेल, फक्त नडगीवर थोडा आणखी खाली येणारा.