दिवाळीचा माल भरताना: तिमाही सरासरी की गेल्या दिवाळीची बिले?

दिवाळीसाठी किती खवा आणि काजू भरायचे हे ठरवताना मिठाईच्या दुकानदारापुढे दोन मार्ग असतात. मागील तीन महिन्यांच्या विक्रीची सरासरी रोजच्या फरसाणासाठी पुरेशी ठरते. सणाची उसळी मात्र तिच्यात उतरतच नाही. गेल्या दिवाळीची बिले मला अधिक भरवशाची वाटतात, परंतु ती तारखेने नव्हे, तिथीने जुळवावीत, कारण महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, तर २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आले, आणि नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून पाहिल्यास पंचांगामुळे दिसणारी वाढ धंद्याची वाटू लागते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची विक्री दिवसवार मांडली, तर काजूकतली कोणत्या संध्याकाळी संपली हेही कळते. त्यानंतर रिकाम्या हाताने परतलेली गिऱ्हाइके मात्र कोणत्याच बिलात नसतात, ती काउंटरवरच्या माणसालाच विचारावी लागतात.