नमुना खरा, माल खोटा: पोर्टेबल एसएसडीच्या धंद्यातली फसवणूक

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने आम्हाला ६० एसएसडी (चिपमध्ये डेटा साठवणारे ड्राइव्ह) बोर्ड विकले. प्रत्येकावर २ टीबीचं लेबल, कॉम्प्युटरला जोडला की पडद्यावरही २ टीबीच. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांत जागा होती ५१२ जीबी. जीएसटी धरून साडेसहा लाख रुपये गेले. पैशांचं काय व्हायचं ते होईल, पण ही फसवणूक ज्या सफाईने झाली ती फोटो-व्हिडिओवाल्यांना आणि असं काही बनवू पाहणाऱ्यांना माहीत असायला हवी, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमचं छोटं वर्कशॉप गोव्यातल्या डिचोलीत आहे. लग्नांचं शूटिंग करणारे, जत्रेतली नाटकं रेकॉर्ड करणारे, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत धावपळ करणारे माहितीपटवाले, यांच्यासाठी एक दणकट पोर्टेबल ड्राइव्ह बनवायचा आमचा खटाटोप. बाजारात चांगले ड्राइव्ह नाहीत असं अजिबात नाही. नील पोल्टन या डिझायनरचा नारिंगी रबरी पट्ट्याचा लासी रग्ड हा ड्राइव्ह आजही कित्येकांच्या बॅगेत सापडतो. पण आमच्या लोकांच्या तक्रारी आमच्या हवेच्या होत्या. किनाऱ्यावर दोन पावसाळे काढले की यूएसबीच्या तोंडाला खारी हवा लागून कनेक्शन अडखळतं. डिचोली-सत्तरीची तांबडी धूळ फटीत बसते. आणि नाटकाच्या विंगेत ड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकला की नट डोळे वटारतात. म्हणून आम्ही तोंडाला घट्ट बसणारं सिलिकॉनचं बूच दिलं, दिवा मंद तांबडा केला आणि तोही खालच्या अंगाला. पाठीवर एक खरखरीत पट्टी ठेवली, तिच्यावर पेन्सिलीने गावाचं नाव नि तारीख लिहायची, काम झालं की पुसायची. ही पट्टी लोकांना इतकी आवडली की बाकीच्या डिझाइनबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही!

केस अ‍ॅल्युमिनियमची, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कोरून घेतलेली. ती नुसती शोभेची नाही. सलग डेटा लिहिताना आतली कंट्रोलर चिप (ड्राइव्हचा कारभार पाहणारी) चांगलीच तापते. ती उष्णता सिलिकॉनच्या थर्मल पॅडमधून केसमध्ये उतरली नाही तर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. केस, पॅड, बूच, यूएसबीचं सर्किट हे सगळं आम्ही ठरवू शकतो. मेमरी चिप आणि कंट्रोलर असलेला बोर्ड मात्र विकतच घ्यावा लागतो. गंडवणारा नेमका तिथून शिरला.

गृहस्थ फोनवर अस्सल मराठीत बोलायचा. मूळ सावंतवाडीकडचा असल्याचं सांगायचा, गणपतीला गावी आलो की डिचोलीत येतो म्हणायचा. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी, ९,२०० रुपये बोर्ड. निम्म्याने स्वस्त असता तर आम्ही फोनच ठेवला असता, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने पाठवलेले नमुने आम्ही काठोकाठ भरून पाहिले, तापवून पाहिले, उघडून पाहिले. नमुने खरे होते, टीएलसी मेमरीचे (एका पेशीत तीन बिट ठेवणारी, तुलनेने वेगवान). त्यातले दोन आम्ही सील करून, वर सही करून कपाटात ठेवले. कोटेशनमध्ये ‘माल मंजूर नमुन्याप्रमाणे’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं. तीस टक्के आगाऊ, बाकी माल निघताना. निघताना त्याने व्हिडिओ पाठवला: ट्रेमधून एक बोर्ड उचलतो, जोडतो, २ टीबी दिसतात, वेगाची टेस्ट हजाराच्या आसपास एमबी दाखवते.

खोका आला. वरच्या ट्रेमधले बोर्ड नमुन्यासारखेच निघाले. मानकुराद आंब्याच्या पाटीत वरचा थर कसा निवडून लावतात, तसा.

विक्रीआधी काही ड्राइव्ह ओळखीच्या कॅमेरामनना प्रत्यक्ष कामावर वापरायला द्यायचे, ही आमची पद्धत. अट एकच: मूळ कार्डं पुसायची नाहीत. असा एक ड्राइव्ह पेडण्यातल्या एका मित्राने दशावताराच्या रात्री वापरला. एक कॅमेरा समोर, एक विंगेत. ताशी ९० जीबी, खेळ पाच तासांचा, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून ९०० जीबी. पहाटे त्याने आधी समोरच्या कॅमेऱ्याचं फुटेज ड्राइव्हवर उतरवलं, मग विंगेतल्या. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दारात हजर. “पात्रांव, हें किदें?”

पडद्यावर सगळ्या फाइल्स ओळीने होत्या. नावं बरोबर, तारखा बरोबर, साइजही बरोबर. समोरच्या कॅमेऱ्याचं सगळं चालत होतं. विंगेतल्या कॅमेऱ्यात गणपती होता, संकासुराची एंट्री होती, आख्यानाची सुरुवात होती. साधारण चाळीस मिनिटांनंतरची एकही क्लिप उघडेना. एक फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला कच्चा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडली तर आत खालपर्यंत नुसती शून्यं. ४५० अधिक चाळीस मिनिटांचे ६०, झाले ५१०. हिशेब तिथेच लागला.

मग खालचे ट्रे उघडले. पहिली गोष्ट हाताला लागली ती पॅडची. नमुन्यांवर राखाडी, मऊ, किंचित तेलकट थर्मल पॅड होतं. इथे त्याच रंगाची, त्याच मापाची फोमची चिकटपट्टी होती, जी उष्णता वाहून नेण्याऐवजी अडवून धरते. पट्टी सोलली. भिंगाखाली चिपच्या कडेला वाळलेल्या फ्लक्सचा (डाग देताना लावतात तो पदार्थ) पिवळट ओघळ दिसला, म्हणजे ही चिप आधी दुसरीकडून उपटून इथे बसवलेली. वरची अक्षरं लेसरनेच कोरलेली, पण खालचा पृष्ठभाग घासलेला, तिरप्या उजेडात ओरखडे स्पष्ट दिसत होते. बोर्डावर दोन मेमरी चिप. कंट्रोलरकडून फ्लॅश आयडी, म्हणजे मेमरी चिपची ओळख, वाचली तर प्रतिसाद एकाच चिपचा. दुसरी नुसती जागा भरायला डकवलेली.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण सगळी लबाडी तिच्यावर उभी आहे. ड्राइव्हची क्षमता कॉम्प्युटर मोजत नाही, तो कंट्रोलरला विचारतो. कंट्रोलर फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेला आकडा सांगतो. हा आकडा, मॉडेलचं नाव, सिरियल नंबर, किती तास वापर झाला, हे सगळं कारखान्यात ज्या सॉफ्टवेअरने भरतात, ते सॉफ्टवेअर बाहेर फुटलेलं आहे. त्यामुळे ५१२ जीबीचा बोर्ड २ टीबी सांगतो आणि जुनी चिप शून्य तास सांगते. खरी जागा संपल्यावर येणारा डेटा तो चूक न दाखवता घेतो आणि टाकून देतो. फाइलींच्या नावांची यादी खऱ्या जागेत असते, म्हणून नावं टिकतात. वेगाचंही तसंच. मेमरीचा काही भाग तात्पुरता जलद कॅश म्हणून वापरला जातो आणि नेहमीची वेगाची टेस्ट जेमतेम १ जीबीची फाइल लिहिते. तेवढी त्या कॅशमध्ये आरामात मावते. आमच्या लॉटमधले काही बोर्ड क्षमतेला खरे होते, पण टीएलसीऐवजी क्यूएलसीचे (एका पेशीत चार बिट, स्वस्त पण संथ). कॅश भरली की वेग शंभर एमबीच्या खाली. म्हणजे माल तीन प्रकारचा होता, आणि हे मिश्रण मुद्दाम केलेलं होतं, कुठलाही एक बोर्ड उचलून तपासला तर तो पास व्हायची बऱ्यापैकी शक्यता राहावी म्हणून.

व्यापाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, फॉरमॅट बदला. मग म्हणाला, तुमच्या यूएसबी सर्किटचा दोष आहे. तोच बोर्ड थेट मदरबोर्डला लावून तोच निकाल दाखवला, तेव्हा “नवीन फर्मवेअर पाठवतो, साहेब” असं आश्वासन मिळालं. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. बिलावरच्या पत्त्यावर ओळखीच्या माणसाला पाठवलं, तर तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा गाळा. त्याला या नावाचा माणूस माहीत नव्हता. जीएसटी विवरणपत्र त्याने भरलंच नाही, त्यामुळे ते बिल आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये (खरेदीवरच्या क्रेडिटची यादी) आलं नाही आणि जवळजवळ लाखभर रुपयांचं इनपुट क्रेडिटही हातचं गेलं.

तक्रारीचा मार्ग सांगतो. ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर नोंद करायची, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. आमच्या वेळी त्या खात्यात किरकोळ रक्कम उरली होती, तेवढी गोठली. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. ग्राहक आयोगाचा रस्ता आम्हाला बंद होता: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरत नाहीत. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या ड्राइव्हबद्दल मात्र तुम्ही तिथे जाऊ शकता, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आमच्या कामी आला तो १९३०चा जुना मालविक्री कायदा. त्याच्या कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून झालेल्या विक्रीत सगळा माल नमुन्याच्या दर्जाचाच असावा लागतो. कपाटातले ते दोन सीलबंद नमुने आणि कोटेशनमधली ती ओळ पाहून म्हापशातले आमचे वकील पहिल्यांदा हसले. रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने दावा व्यावसायिक न्यायालयात जातो, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची. सध्या प्रकरण तिथे आहे.

आता जे नुसते ड्राइव्ह विकत घेतात त्यांच्यासाठी. १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. फसवणूक ओळखायची तर नवा ड्राइव्ह काम सोपवण्याआधी पूर्ण भरून परत वाचायचा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३, दोन्ही फुकट आहेत. २ टीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. भरताना वेग तीस-चाळीस एमबीवरच अडकला तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. तरीही तसाच राहिला तर आत बहुधा यूएसबी २.० चा रीडर आणि त्यात खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड आहे. अशा डब्यांत वजनासाठी लोखंडाचा तुकडाही चिकटवलेला सापडतो, त्यामुळे हातात जड लागतो यावर जाऊ नका. सॅमसंगचा अस्सल टी७ अवघा ५८ ग्रॅमचा आहे. २५६ जीबीच्या वरच्या यूएसबी एसएसडीला भारतात बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी लागते. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. आमच्या व्यापाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर कुठल्याशा कंपनीचा चार्जर निघाला.

आणि घाऊक घेणाऱ्यांनी: शेवटचा हप्ता माल निघताना देऊ नका. लॉटमधले बोर्ड तुम्ही स्वतः, प्रत्येक ट्रेमधून निवडून, काठोकाठ भरून पाहाल, त्यानंतरच पैसे सुटतील असं लिहून घ्या. ही अट ऐकून समोरचा कुरकुरला तर कुरकुरू द्या. आम्ही सध्या दुकानातून सीलबंद, वॉरंटीचे ब्रँडेड एसएसडी घेऊन आमच्या केसमध्ये बसवतो. ड्राइव्ह महाग पडतो, काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात.

अलीकडेच कोल्हापूरच्या एका स्टुडिओवाल्याने आम्हाला एक कोटेशन पाठवून सल्ला विचारला. फर्मचं नाव नवं, फोन नवा. पण मजकूर शब्द न् शब्द तोच, आणि सोबतच्या फोटोतल्या बोर्डावर आमच्याच हस्ताक्षरातला नमुना क्रमांक, आम्ही तपासणीच्या वेळी त्याला पाठवलेल्या फोटोतला. तो फोटोही आता वकिलांकडे आहे. तुमच्याकडे ९,००० च्या आसपास भावाचं, ‘सॅम्पल मंजूर झालं की रेट लॉक’ असं लिहिलेलं आणि सावंतवाडीची ओळख सांगणारं कोटेशन आलं असेल, तर आगाऊ रक्कम थांबवा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.