हलका बेस घेताना मला कसं गंडवलं

खांद्याच्या किंवा पाठीच्या दुखण्यामुळे हलका बेस गिटार शोधणाऱ्यांनी, त्यातही जे सेकंडहँड घेणार आहेत त्यांनी, हे जरूर वाचावं. ज्याने मला गंडवलं तो वजनाबद्दल एक शब्दही खोटं बोलला नाही. ३.१ किलो म्हणाला, माझ्यासमोर काट्याला टांगून दाखवलं आणि ते तेवढंच भरलं. गोम नेमकी तिथेच होती.

३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेचा वाजणारा भाग ३४ इंच लांब असलेला) नेहमीचा बेस चार-साडेचार किलोच्या आसपास असतो. साडेतीनच्या आत मिळाला तर तो हलका समजायचा. ३.१ म्हणजे माझ्यासारख्याला लॉटरीच. ३० इंची शॉर्ट स्केल घे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. पण त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर ३० इंचावर ताण जवळजवळ २२ टक्क्यांनी कमी होतो. खालची ई तार बोटाखाली ढिली लागते. कुणाला ते आवडतं, मला नाही. तेव्हा फुल साइजच हवा होता आणि नवा घ्यायची ऐपत नव्हती.

(‘फुल साइज’ या शब्दावर विसंबू नका, तो जाहिरातीत कुणीही लिहितो. नट म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, फ्रेट म्हणजे नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा. १७ इंच भरलं तर ३४ इंची, १६ भरलं तर मीडियम, १५ भरलं तर शॉर्ट स्केल. एवढं एक माप फोनवरून मागितलं की निम्मे विक्रेते गप्प होतात.)

हा विक्रेता गप्प झाला नाही. माप लगेच पाठवलं, अगदी बरोबर. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, नावाजलेल्या कंपनीचं नाव, सीरियल नंबरही दिला. मी पडताळून पाहिला, तोही खरा निघाला. ‘दादा, सगळं ओरिजिनल आहे, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही,’ असा मेसेज आला. तो मी जपून ठेवलाय. किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त होती, म्हणजे संशय यावा इतकी कमी नव्हती. मुरलेला ठग किंमत फार खाली आणत नाही.

प्रत्यक्ष भेटल्यावर त्याने मला खुर्चीत बसवून वाजवायला दिलं. आवाज छान, नेक सरळ, फ्रेट शाबूत. उभं राहून बघायचंय म्हटल्यावर त्याने स्वतःच एक रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावून दिला. वर म्हणाला, ‘हा पट्टा माझ्याकडून भेट.’ उभं राहिलो, बेस जागेवर राहिला. पैसे दिले.

घरी माझा नेहमीचा गुळगुळीत नायलॉनचा पट्टा लावला आणि हात सोडला, तर हेडस्टॉक सरळ जमिनीकडे निघाला. बॉडी फारच हलकी आणि टोकाला चार वजनदार खुंट्या असलेला मेपलचा नेक, असा जोड असला की हे होणारच. मग डाव्या हाताने नेक उचलून धरत वाजवावं लागतं. मनगट भरून येतं आणि ज्या खांद्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच आधी दुखायला लागतो. खरखरीत पट्टा कपड्याला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे हा दोष झाकला जातो. भेटीचा अर्थ तेव्हा लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ‘नेक डाइव्ह’, म्हणजे नेक खाली झुकण्याचा दोष, म्हणून सोडून दिलं असतं. चांगल्या बेसमध्येही तो असतो. पण थोड्याच दिवसांत वरच्या शिंगावरचं (बॉडीच्या पुढे आलेल्या टोकावरचं) पट्ट्याचं बटण वाजवता वाजवता उपटून आलं. स्क्रूच्या आट्यांत काडेपेटीच्या काड्यांचे चुरे, वाळलेल्या फेविकॉलने चिकटलेले. भोकात सुई टोचून बघितली तर आतलं लाकूड भुसभुशीत. काड्या भरणं हा काही गुन्हा नाही, तात्पुरता उपाय म्हणून सगळेच करतात. पण ‘एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही’ म्हणणाऱ्याच्या बेसमध्ये?

मग एका जाणकार दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागच्या प्लेटचे चार स्क्रू काढून नेक वेगळा केला आणि न बोलता माझ्यापुढे धरला. नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, आठ भोकं होती. चार जुनी, बुजवलेली. त्यांना खेटून चार नवी. नेक बसतो ती बॉडीतली खाचही नेकपेक्षा रुंद, बाजूला फट दिसत होती. म्हणजे नेक कंपनीचाच, पण बॉडी दुसरीच कुठली तरी, स्वस्तातली, बहुधा पाउलोनियाची. पाउलोनिया हे अतिशय हलकं आणि मऊ लाकूड. नोबांखालची प्लेट उघडून आतल्या कोऱ्या लाकडावर त्याने नख दाबलं, तर ठसा उमटला. बाहेरून जाड, चकचकीत रंग चढवलेला असल्यामुळे हे कळायला मार्गच नव्हता. पाउलोनियाचे बरे बेस निघतात, त्या लाकडावर माझा राग नाही. मला विकलेला बेस मात्र अमुक कंपनीचा संपूर्ण बेस म्हणून विकला होता.

सीरियल नंबरचं कोडंही तिथेच सुटलं. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसवर नंबर बहुधा हेडस्टॉकवर असतो नाहीतर मागच्या प्लेटवर. दोन्ही गोष्टी एका स्क्रूड्रायव्हरने दुसऱ्या बॉडीवर जातात. नंबर खरा निघाला म्हणजे तो भाग खरा निघाला, बॉडीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘नेक ओरिजिनल आहे ना दादा? तुम्ही वाजवून, वजन करून घेतलाय.’ मी त्याचाच जुना मेसेज पुढे केला, त्यानंतर नंबर ब्लॉक. पैसे रोख दिले होते, त्यामुळे हातात पुरावा म्हणून तो मेसेज आणि फोटो एवढंच. तक्रार दिली आहे, अजून काही हाललेलं नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा गुळगुळीत पट्टा घेऊन जा, उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. वरच्या शिंगाचं टोक कुठपर्यंत येतं तेही बघा. बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचत असेल तर तोल बरा राहतो, त्याच्या बरंच मागे संपत असेल तर हलकी बॉडी तुम्हाला महागात पडेल. पट्ट्याची दोन्ही बटणं हाताने फिरवून बघा. नुसत्या बोटांनी स्क्रू फिरला तर आतलं भोक सैल झालेलं किंवा काहीतरी भरलेलं असू शकतं. आणि भेटायच्या आधीच नेक काढून टाचेचा आणि खाचेचा फोटो मागा. तारा ढिल्या करून चार स्क्रू काढायचे, पंधरा मिनिटांचं काम आहे. आत पातळ कागदाची किंवा लाकडाची पट्टी दिसली तर घाबरू नका, नेकचा कोन साधायला ती कारखान्यातही घालतात. दुहेरी भोकं दिसली तर मात्र व्यवहार तिथेच सोडा. ‘सेटिंग बिघडेल, नेक काढू नका’ असं कुणी म्हणालं तर सांगा की सेटिंगचे पैसे मी देतो. मी आता हेच सांगतो. यावर एकाने आनंदाने फोटो पाठवले आणि एकाने जाहिरातच काढून टाकली.