मिनी ट्रॅक्टर, दोन वर्षांनंतर: थंडीभर उभा ठेवला, ऑइल दुधाळ झालं, आणि तो ड्रेन प्लग

राहतो कळव्याला, शेती मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे. २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर मे २०२३ मध्ये घेतला. चिखलणी, रोटाव्हेटर, मळणी, सगळं नीट करतो, डिझेलला परवडतो, त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. लिहायला बसलोय ते इंजिन ऑइलमुळे.

आमच्याकडे भाताचं एकच पीक. मळणी उरकली की डिसेंबरात ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये जातो तो थेट मे महिन्यात बाहेर येतो. कळव्यात जानेवारीत पण पंखा लागतो, तिकडे पहाटे पत्र्याखालून दवाचे थेंब टपकतात आणि दुपारी तोच पत्रा हात लावू देत नाही. पहिल्या वर्षी आवरमीटरवर १३० तास झालेले, ५० तासांची सर्व्हिस डीलरकडे झालेली, पुढचं ऑइल २५० तासांना, म्हणून मी तसाच उभा केला, म्हटलं पंधराशे रुपये वाचले. पुस्तकात त्याच ओळीत पुढे "किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलंय, तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं.

मे २०२४ ला डिपस्टिक काढली तर पट्टीवर दूध जास्त झालेल्या चहासारखा रंग, आणि ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय. सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवला. त्यांनी ट्रॅक्टर न बघताच हेड गॅस्केट (रेडिएटरचं पाणी इंजिनात ऑइलमध्ये जाऊ न देणारी हेडखालची पट्टी) गेलं म्हणून सांगितलं, हेड उघडावं लागेल, १८ हजार, आणि ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून वॉरंटी नाही. फोनवर तासभर भांडलो. तुम्हीच सर्व्हिसला भेसळीचं ऑइल टाकलं असं पण बोललो.

भेसळीचं ते माझं चुकलं, पण गॅस्केटचं त्यांचंही चुकलं. मुरबाडहून एक मेकॅनिक आणला, त्याने आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. "दादा, पाणी तर काठोकाठ आहे. गॅस्केट गेलं असतं तर हे उतरलं असतं." मग काकीकडून जुनी लोखंडी पळी मागून घेतली, चुलीवर तापवली आणि वर ऑइलचा एक थेंब सोडला. फोडणीतली मोहरी तडतडते तसा तडतडला. म्हणजे ऑइलात पाणी. मग इंजिन चालू न करता ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचा इंजिनखालचा बोल्ट, दोन आटे सैल केला, कारण पाणी जड, ते तळाला बसतं. आधी नितळ पाण्याचे थेंब पडले, मग राखाडी धार, मग काळं ऑइल.

आता पाणी आलं कुठून? बॅटरी उतरू नये म्हणून काका दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करायचे, एकही रविवार चुकवला नाही त्यांनी. पण लिटरभर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं, त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, इंजिन पूर्ण तापलं तर उडून जाते, पाच मिनिटांत काय तापणार, ती थंड ऑइलात पाणी होऊन बसते. वर जुन्या ऑइलातली काजळी आणि ॲसिड, हे सगळं पाच महिने बेअरिंगला लागून. काका म्हणतात आता डिझेल स्वच्छ आलंय. खरंय, एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचं नवं मानक) डिझेलात गंधक दहा लाखात ५० भागांवरून १० वर आलं, ॲसिड कमी झालं असेल, पाणी तेवढंच होतं.

आतून धुवायला साधं ऑइल भरून वीस मिनिटं इंजिन तापवलं, ते गरमच काढून टाकलं, मग नवा फिल्टर आणि १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस ग्रेडचं नवं ऑइल. मेकॅनिकसकट ४१०० रुपये.

आणि या ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग. बरोबर पुढच्या ॲक्सलच्या (दोन चाकांमधल्या दांड्याच्या) बीमच्या डोक्यावर दिलाय! प्लग निघाला की गरम धार बीमवर आपटून दोन्हीकडे फुटते, घमेलं कुठंही ठेवा, अर्धं ऑइल जमिनीवर. खळ्याच्या जागेत ऑइल सांडलेलं मला अजिबात चालत नाही. दोन इंच मागे दिला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी पाच लिटरचा कॅन उभा कापून पन्हाळी केली, त्यातून घमेल्यात सोडतो. वरून प्लगचा कॉपर वॉशर एकदा दाबला गेला की पाझरतो, वीस रुपयांची वस्तू, डीलर म्हणतो सुटा येत नाही, अख्खा प्लग घ्या. आधी मी ट्रॅक्टरला पाचपैकी साडेचार देत होतो, या प्लगपायी चार.

दुसऱ्या वर्षी, डिसेंबर २०२४ ला, उभा करायच्या आधीच इंजिन गरम असताना ऑइल आणि फिल्टर बदलला, डिझेलची टाकी भरली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवली. काकांना सांगितलं, चालू करायचाच असेल तर अर्धा तास शेतात फिरवा, नुसता उभ्या उभ्या चालू करू नका. काळं ऑइल शेडच्या लाकडी मेढींना लावायचं म्हणून ते दरवेळी मागतात, मी देत नाही, विहीर जवळ आहे, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे नेतो.

मे २०२५ ला इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवूनच आधी दहा सेकंद स्टार्टर मारला, ऑइल वर चढू दिलं, मग चालू केला. त्याआधी प्लग सैल करून बघितला होता, पहिला थेंबच ऑइलचा. पळी काकांनीच तापवली, थेंब पसरला, धूर आला, आवाज काही नाही. ते ऑइल तसंच ठेवलंय, डिसेंबरला वर्ष भरेल. कॉपर वॉशर मात्र डीलरकडे अजून आलेला नाही.