पोर्डाटा: पोर्तुगालचे आकडे मोफत मिळतात, पण तळटीप वाचूनच घ्या

पोर्तुगालची लोकसंख्या, पगार, शिक्षण, घरांच्या किमती यांतलं काहीही शोधायचं असलं की सगळ्यात आधी पोर्डाटा उघडावं. लिस्बनच्या फ्रान्सिस्कू मॅन्युएल दुश सांतुश फाउंडेशनने हे संकेतस्थळ २०१० मध्ये सुरू केलं. फाउंडेशनमागचं कुटुंब म्हणजे 'पिंगु दोस' सुपरमार्केटवाल्या जेरोनिमु मार्तिन्श समूहाचं. पैसा खासगी असला तरी आकडे सरकारी आहेत. बहुतेक आयएनईकडून (१९३५ पासूनची पोर्तुगालची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था), बाकीचे बँक ऑफ पोर्तुगाल, मंत्रालयं आणि युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडून येतात. पोर्डाटा ते एका साच्यात लावून देतं. नोंदणी नाही, शुल्क नाही. पोर्तुगीज येत नसेल तर इंग्रजी आवृत्ती आहे.

याची खरी ताकद लांब मालिका. आयएनईच्या स्वतःच्या साइटवर एकेका तक्त्याला सात अंकी संकेतांक असतो आणि व्याख्या बदलली की तक्ताही बदलतो. त्यामुळे साठ वर्षांचा आलेख हवा असेल तर तुकडे जोडत बसावं लागतं. पोर्डाटावर १९६० पासूनची रांग एका पानावर येते. बालमृत्यू बघा: १९६० साली हजार जन्मांमागे ७७.५, आता तीनच्या आसपास. हुकूमशहा सालाझारच्या काळातला गरीब, निम्मा निरक्षर नसला तरी चौथा हिस्सा निरक्षर असलेला देश (१९७० ची जनगणना) युरोपच्या सरासरीच्या पुढे कसा गेला, हे एवढ्या एका रकान्यात दिसतं. दुसऱ्या कुठल्या मोफत साइटवर हे इतक्या सहज मिळत नाही.

अडचण तिथूनच सुरू होते. एका रांगेत दिसणारे सगळे आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात. तक्त्यात एखाद्या वर्षाशेजारी उलट्या टी अक्षरासारखी खूण दिसली, तर त्या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली असं समजायचं. रोजगाराच्या मालिकेत २०११ आणि २०२१ ही अशी दोन वर्षं. २०२१ च्या बदलानंतर फक्त स्वतःच्या घरापुरतं पिकवणारा माणूस 'कामात असलेला' धरला जात नाही. ईशान्येच्या त्राश-उश-मोन्तिशमध्ये बटाटे आणि कोबी लावून राहणारे सत्तरीचे लोक त्यामुळे एका झटक्यात शेतीच्या रोजगारातून बाहेर पडले. खूण न बघता आलेख काढला तर शेती एका वर्षात कोसळल्यासारखी दिसते. आयएनईने नव्या व्याख्येने मागची वर्षं पुन्हा बांधून दिली आहेत, तुलना त्याच मालिकेत करावी.

पगाराचे आकडे वापरणाऱ्यांची फसगत सर्वांत जास्त होते. पोर्तुगालमध्ये पगार वर्षातून १४ वेळा मिळतो, म्हणजे बारा महिने, एक सुट्टीचा आणि एक नाताळचा. २०२५ चं किमान वेतन ८७० युरो, पण युरोस्टॅटच्या तक्त्यात तेच १,०१५ युरो दिसतं, कारण ८७० ला १४ ने गुणून १२ ने भागलेलं असतं. दोन्ही बरोबर. पोर्तुगालचा ८७० आणि जर्मनीचा मासिक आकडा शेजारी ठेवला तर मात्र चूक होते, आणि वर्तमानपत्रांतही ती होते. जुन्या वर्षांचे आकडेही युरोतच दिले आहेत. मे १९७४ मध्ये, हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतर महिनाभरात लागू झालेलं पहिलं किमान वेतन ३,३०० इश्कूदुंचं (युरोआधीचं चलन) होतं. २००.४८२ या ठरीव दराने भागलं की ते साडेसोळा युरो होतं. हा आकडा तसाच वाचून हसू नका. स्थिर किमतींचा वेगळा तक्ता आहे, तो घ्या आणि पायाभूत वर्ष कोणतं ते बघा.

सरासरी पगाराच्या तक्त्यात आणखी दोन खाचा आहेत. एक, 'मूळ वेतन' आणि 'एकूण कमाई' असे दोन वेगळे निर्देशांक आहेत आणि भत्ते, ओव्हरटाइम, शिफ्टचे पैसे दुसऱ्यातच येतात. दोन, ही माहिती खासगी मालकांनी ऑक्टोबर महिन्याबद्दल भरलेल्या विवरणातून येते. सरकारी नोकर त्यात नाहीत, आणि 'हिरव्या पावत्यां'वर काम करणारे, म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र पण प्रत्यक्षात एकाच मालकाकडे राबणारे, तेही नाहीत. लिस्बनच्या तरुण कामगारांतला मोठा गट त्यामुळे सरासरीबाहेर राहतो.

नगरपालिकांचा विभाग (३०८ कोंसेल्यु) मला सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि बेफिकिरीने वापरला तर सगळ्यात धोकादायकही. सरासरी कमाईप्रमाणे लावून बघा. लिस्बन आणि त्याच्या शेजारच्या ओएराशबरोबर वरच्या रांगेत काश्त्रु व्हेर्दे येतं, दक्षिणेच्या आलेंतेजु प्रदेशातलं छोटंसं गाव. कारण तिथली नेव्हेश-कोर्व्हू तांब्याची खाण. पगार नोंदतात तो कामाच्या जागी, कामगार कुठे राहतो तिथे नाही. म्हणून या तक्त्यावरून गावकरी श्रीमंत आहेत असं म्हणता येत नाही. त्यासाठी क्रयशक्तीचा निर्देशांक किंवा कर विवरणावरचं उत्पन्न बघावं लागतं. ओएराशमध्येही कंपन्यांची पार्कं असल्याने हेच होतं.

लोकसंख्येत जनगणनेचे आकडे भक्कम आहेत. २०२१ मध्ये १,०३,४३,०६६ लोक मोजले गेले, २०११ पेक्षा २.१ टक्के कमी. १८६४ पासूनच्या जनगणनांमध्ये अशी घट याआधी फक्त १९७० ला दिसली होती, तेव्हा लोक फ्रान्सला निघाले होते. पण देशाची सरासरी बघून थांबू नका. स्पेनच्या सीमेवरच्या बाराँकुशची वस्ती दहा वर्षांत पाचव्या हिश्शाहून जास्त घटली, आणि त्याच आलेंतेजुतलं ओदेमिरा १३ टक्क्यांनी वाढलं. ओदेमिरात रासबेरी-ब्लूबेरीची पॉलिहाउसं आहेत आणि तिथे तोडणी करणारे बरेचसे नेपाळ, भारत, बांगलादेशातून आलेले. अशी जोडी पोर्डाटावर दोन मिनिटांत शेजारी लावता येते, हे त्याचं श्रेय.

स्थलांतराला मात्र मी या साइटला पैकीच्या पैकी देणार नाही. २०२१ साली परदेशी किती? जनगणना म्हणते ५.४ लाख, निवास परवान्यांची नोंद म्हणते जवळपास ७ लाख. जनगणना एप्रिलची आणि लोकांनी सांगितलेल्या उत्तरांवरची. परवान्याची नोंद वर्षअखेरची, आणि परवाना असून देश सोडून गेलेलेही त्यात राहतात. ही नोंद ऑक्टोबर २०२३ पर्यंत सेफ या परदेशी नागरिक व सीमा विभागाकडे होती, नंतर ती आइमा या नव्या स्थलांतर संस्थेकडे गेली. तुंबलेले अर्ज निकाली निघत गेले तशी संख्या भराभर फुगली आणि २०२४ अखेर १५ लाखांच्या पुढे गेली. हे सगळे त्याच वर्षी आले असा अर्थ काढणारे लेख ढिगाने आहेत. देश सोडणाऱ्यांचंही तसंच. २०१४ चा आकडा १ लाख ३४ हजारांहून जास्त, पण त्यात वर्षभरापेक्षा कमी काळासाठी गेलेले धरले आहेत. कायमचे गेलेले ५० हजारांच्या आत. शिवाय हा अंदाज घरोघरच्या पाहणीतून येतो, आणि अख्खं कुटुंबच गेलं तर सांगायला घरात कोणी उरत नाही. लिस्बनचं स्थलांतर निरीक्षण केंद्र म्हणूनच ज्या देशात माणसं पोचली तिथले आकडे गोळा करतं. या विषयाला तेच वापरा.

गोव्याच्या वाचकांसाठी एक खास सूचना. पोर्डाटावरच्या 'भारतीय' रकान्यात गोवेकर शोधू नका. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. ते मिळालं की नागरिकत्वाच्या तक्त्यात तो माणूस पोर्तुगीज. आणि पासपोर्ट घेऊन तो स्विंडनला राहत असेल तर पोर्तुगालच्या रहिवासी लोकसंख्येत तो मुळीच नाही, त्याला ब्रिटनच्या जनगणनेत शोधायचं. 'भारतीय' रकान्यात दिसतात ते मुख्यतः भारतीय पासपोर्टवर शेती, डिलिव्हरी, हॉटेलात काम करणारे, त्यांत पंजाबी पुष्कळ. पोर्तुगालमध्ये राहणारे गोवेकर हवे असतील तर जनगणनेतला जन्मदेशाचा तक्ता घ्यावा. त्यातही मोझांबिकमार्गे १९७५ नंतर आलेले गोवेकर बऱ्याचदा 'मोझांबिक' खाली सापडतात.

डाउनलोड करताना: तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. एक्सेल भारतीय मांडणीवर असेल तर १०.३४३.०६६ मजकूर म्हणून येतो आणि ८१,२ चे गुपचूप ८१२ होतात. त्यामुळे फाइल उघडण्याआधी आयातीच्या पर्यायात दशांशचिन्ह बदला. 'प्रो' म्हणजे तात्पुरता, 'प्रे' म्हणजे प्राथमिक आकडा, हे काही महिन्यांनी बदलतात. रकान्यात 'एक्स' असेल तर आकडा उपलब्ध नाही, तो शून्य धरून बेरीज करू नका. विभागवार तुलनेत २०२४ पासून सातऐवजी नऊ प्रदेश आहेत. सेतूबल द्वीपकल्प लिस्बनपासून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या 'लिस्बन'शी नव्याची तुलना चालत नाही. कोंसेल्युच्या पातळीवर हा त्रास नाही.

शोधायला पोर्डाटा, पण प्रबंधात किंवा बातमीत आकडा द्यायचा असेल तर तळटीपेतला मूळ स्रोत उघडून आयएनईच्या तक्त्याचा संकेतांक आणि ज्या तारखेला बघितला ती तारीख लिहा. सुधारित आकडे पोर्डाटावर कधीकधी उशिरा चढतात.