शुगर असलेल्यांसाठी केक: एरिथ्रिटॉल आणि बदामाचं पीठ, आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनच्या दमट हवेपासून नाशिकच्या जानेवारीतल्या कडाक्यापर्यंत दोन्ही जिन्नस सतत वापरात आहेत. केक चवीला खरंच चांगला होतो, पण साखरेच्या जागी तेवढंच एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पावडर) घालून मोकळं झालात तर हमखास फसतो.

त्याची गोडी साखरेच्या साधारण 60 ते 70 टक्के. म्हणून लोक जास्त घालतात आणि तिथेच घोळ होतो. साखरेच्या मानाने ते पाण्यात फार कमी विरघळतं. केक गार झाला की त्याचे पुन्हा खडे होतात. ओव्हनमधून काढलेला मऊ केक दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढला की दाताखाली कचकचतो आणि जिभेवर पुदिन्याच्या गोळीसारखा गारवा लागतो. यावर उपाय म्हणजे प्रमाण कमी ठेवून उरलेली गोडी स्टीव्हियातून (एका झाडाच्या पानांतला गोड अर्क) आणायची. शुद्ध स्टीव्हिया साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो. एका केकला लागणारा पाव ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजताच येत नाही, तेव्हा 5 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्यातलं 5 मिली घ्यावं. त्याहून जास्त पडलं की मागाहून कडवटपणा येतो.

सहा इंची टिनसाठी प्रमाण: बदामाचं पीठ 200 ग्रॅम, अंडी 3, लोणी 80 ग्रॅम, घट्ट दही 60 ग्रॅम, एरिथ्रिटॉल 70 ग्रॅम, वरचं स्टीव्हियाचं पाणी 5 मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, इसबगोल एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा लिंबाची किसलेली साल. एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करावं. झाकण लगेच उघडू नये, धुरळा नाकात जातो. लोण्यात ते विरघळत नाही, म्हणून अंड्यांबरोबर पाच-सहा मिनिटं फेटायचं. मग दही आणि पातळ केलेलं, पण कोमट लोणी, शेवटी कोरडे जिन्नस. थंडीत गार अंड्यांवर लोणी पडलं की ते गोठून मिश्रण फाटतं. अंडी आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की हा प्रश्न मिटतो.

ओटीजी 160 अंशांवर, 35 ते 40 मिनिटं. रंगावर जाऊ नका. एरिथ्रिटॉल साखरेसारखं तांबूस होत नाही. बदामामुळे कडा लाल होतात आणि मधला भाग फिकाच राहतो, रंगाची वाट बघितली की केक कोरडा. सुरी स्वच्छ निघाली की बाहेर काढा. ग्लुटेन नसल्याने सगळा डोलारा अंड्यावर असतो. गरम असताना उलटा केला तर मधोमध तुटतो. 25 मिनिटं टिनमध्येच राहू द्या. बिनअंड्याचा प्रकार टिनमध्ये दडस होतो. दूध-दह्यावर, छोट्या कागदी कपांत केला तर बरा, पण तोही मनापासून सुचवावा असा नाही.

पीठ घरी करायचं तर बदाम अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मिक्सर तीन-तीन सेकंदच फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून चटणी होते. पावसाळ्यात पीठ डब्यात लवकर खवट होतं, फ्रीझरमध्येच ठेवा.

आता आकडे. या केकच्या दहा तुकड्यांत तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळता प्रत्येकी दोन-अडीच ग्रॅम कर्बोदकं येतात. 150 ग्रॅम मैदा आणि तेवढीच साखर घातलेल्या नेहमीच्या केकच्या तुकड्यात 25 ग्रॅमच्या आसपास. मात्र कॅलरी 200 च्या घरात आहेत, तेव्हा वजन उतरवणाऱ्यांनी एकावर थांबावं. ‘नागलीचा (नाचणीचा) केक शुगरला चालतो’ हेही आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. नागलीत 100 ग्रॅमला 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, गहू-तांदळाच्याच पंगतीतली. निफाडचे बेदाणे मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम घातले तर अख्ख्या केकपेक्षा जास्त साखर एकट्या बेदाण्यांची होते. वर काही हवंच तर हिवाळ्यात सुरगाण्याची स्ट्रॉबेरी येते, तिच्यात 100 ग्रॅमला सात-आठ ग्रॅम कर्बोदकं. गूळ आणि खजूर हे साखरेचेच भाऊबंद.

पाकीट घेताना मागच्या बाजूचे घटकांचे क्रमांक वाचा: 968 एरिथ्रिटॉल, 960 स्टीव्हिया, 965 माल्टिटॉल. माल्टिटॉल हेही साखरेऐवजी घालतात, पण ते रक्तातली साखर वाढवतं, साध्या साखरेपेक्षा कमी इतकंच. ‘शुगर फ्री’ पावडरीत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, रक्तातली साखर वाढवणारी पावडर) असेल तर ती परत ठेवा. 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधल्या अभ्यासात रक्तातल्या जास्त एरिथ्रिटॉलचा हृदयविकार आणि पक्षाघाताशी संबंध दिसला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. रोज खायचा पदार्थ हा तसाही नाही. खर्च साध्या केकच्या कितीतरी पट, बहुतेक सगळा बदामाचा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीवर असलेल्यांनी जेवणाच्या जागी हा केक खाऊ नये, साखर खाली जाऊ शकते. आणि ती खाली गेलीच, तर हा केक कामाचा नाही. तिथे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखरच द्यायची. ग्लुकोमीटरवर खाल्ल्यानंतर दोन तासांनी बघा, एकदा तरी, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.