टीटी की नॉर्थ वेस्ट २००: खरा वेग कुठे?

सावंतवाडीहून आंबोलीला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण साठ किलोमीटर. घाटात एसटीच्या मागे अडकलात तर दीड तास कुठे गेला कळत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर रस्त्यांवरच होणाऱ्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) या मोटरसायकल शर्यतीची एक फेरीही जवळपास एवढीच, ६०.७ किलोमीटर. ब्रिटिश रायडर पीटर हिकमनने २०२३ मध्ये ती १६ मिनिटं ३६ सेकंदांत मारली. सरासरी ताशी २१९ किलोमीटर, तीही गावांमधून, दगडी कुंपणांना खेटून आणि स्नेफेल डोंगर चढून-उतरून!

नॉर्दर्न आयर्लंडची नॉर्थ वेस्ट २०० ही मोटरसायकल शर्यत आपल्या सागरी महामार्गासारखी, किनाऱ्यालगतची. फेरी जेमतेम १४.४ किलोमीटरची. सरळ रस्ते लांबलचक, त्यामुळे गाड्या ताशी ३२० च्या पुढे जातात. शिवाय सगळे एकदम सुटतात. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा कमी लागतो आणि वेग वाढतो. टीटीत दर दहा सेकंदांनी एकेक जण सुटतो, म्हणजे लढत मुख्यतः घड्याळाशी.

नुसता आकडा बघितला तर नॉर्थ वेस्ट डोळे दिपवते. पण तिथल्या शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम केलेली नागमोडी वळणं) आणि अरुंद वळणांवर गाडी पार हळू करावी लागते, म्हणून फेरीची सरासरी टीटीपेक्षा कमीच पडते.

माझं मत टीटीला. दोनशेहून जास्त वळणं पाठ हवीत, आणि डोंगरावर धुकं उतरलं की शर्यत थांबवावी लागते. आंबोलीच्या पावसाळी धुक्यात एकदा तरी गाडी चालवलेल्याला ते लगेच पटेल.